मागं ऱ्हायलेली लेकरं

रेवा, आदित्य,

परवा फोनवर रेवा वैतागून सांगत होती की ऑफिसात तिच्या टेस्ट मध्येच तुटल्या आणि त्यांनी सुरू केलेले डेटाबेसचे सर्व्हर मागे तसेच चालत राहिले. अर्धी दुपार ते हुडकून बंद करण्यात गेली म्हणे. आजीला यातलं काय कळणार, अशा सुरात ती बोलत होती. मी विचारलं, "बंद करण्याआधी प्रत्येकाचा बाप कोण ते पाहिलंस का?"  मग ती म्हणाली, "आजी, हे तुला कोणी शिकवलं?"

ज्याने शिकवलं त्याच्याविषयी हे लिहिते आहे. त्याचं नाव परसराम चव्हाण. त्याच्याइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कॉलेजातली माझी इंग्रजीची नोकरी संपल्यावर मी हिंगोलीत एका ट्रस्टच्या रक्तपेढीत कागदपत्रांची व्यवस्था पाहायला जाऊ लागले. हे २००४च्या आसपासचं. पेढी लहानच होती. पुढे खिडकी, मधे तपासणीची खोली, तिथेच पिशव्यांचा फ्रिज, आणि मागच्या अंगणापलीकडे एक खोली, तिच्यात सर्व्हरची मशीन. प्रत्येक पिशवीवर फक्त नंबर असे. तपासणीत एखादीत काविळीचा किंवा एचआयव्हीचा दोष निघे. दात्याचं नाव गावभर होऊ नये म्हणून निकाल फक्त कॉम्प्युटरात भरायचा आणि तपासणीचा कागद त्याच तासाला जाळून टाकायचा, असा तिथला रिवाज होता. चांगल्या पिशवीसाठी कॉम्प्युटर हिरवी चिठ्ठी छापायचा. चिठ्ठीशिवाय पिशवी बाहेर जात नसे. म्हणजे कोणती पिशवी जीव वाचवील आणि कोणती घात करील, हे त्या मागच्या खोलीतल्या एका पेटीला तेवढं ठाऊक. त्या पेटीतला प्रोग्राम परसरामने लिहिला होता, आणि त्यामुळे त्याला धड झोप लागत नसे.

तो सिद्धेश्वरच्या बाजूच्या एका तांड्यावरचा. चाळिशीचा, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. आधी टेलिफोनच्या तारा जोडायच्या कंत्राटी कामावर होता, मग औरंगाबादला कसलासा वर्ग केला, आणि बाकीचं पुस्तकांतून शिकला. पुस्तकं इंग्रजी. म्हणून तो माझ्याकडे यायचा. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं आणि त्याला इंग्रजी वाक्य लांबलं की शेवट सापडत नसे. दोघांत मिळून एक माणूस तयार व्हायचा.

त्याला पालीची भीती वाटे, फटाक्यांची वाटे, ट्रस्टच्या सेक्रेटरीसाहेबांची वाटे, इन्व्हर्टरच्या बारीक शिट्टीची तर फारच. फोन वाजला की तो आधी उभा राहायचा, मग उचलायचा. चहा घेताना कपात वाकून बघायचा. आमची तपासणी करणारी लता खंदारे कुरुंद्याची, तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणायची, "परसूभाऊ, चहात बी व्हायरस हाय का बघून घ्या. हवं तर किट लावते."

तो खरंच पुन्हा एकदा बघायचा. वर म्हणायचा, "हसा ताई. भ्यालेला माणूस दोनदा बघतो. धीट माणूस एकदाच बघतो, अन् तेबी दुसऱ्याच्या डोळ्यानं."

प्रोग्राममध्ये एक अक्षर जरी बदललं तरी तो चाचण्या लावायचा. या चाचण्या म्हणजे निव्वळ सोंग होतं. खरी पेढी बाजूला ठेवून त्याच मशीनच्या आत खोट्या पेढ्या उघडायच्या. त्यांत खोटे दाते, खोट्या पिशव्या. मग खोटा नातेवाईक येऊन दोषाची पिशवी मागतो, आणि प्रोग्राम ती देतो की अडवतो ते बघायचं. हे सगळं मशीन आपलं आपण करी. परसराम समोर हात जोडून बसलेला असे. खोट्या दात्यांना त्याने तांड्यातली जुनी नावं दिली होती, पण प्रत्येकाचं वय दोनशे. चुकून जरी कधी खिडकीच्या पडद्यावर उमटले तरी लताला बघताक्षणी कळावं म्हणून.

"दोनशे वर्षांच्या म्हाताऱ्याचं रक्त काढून राहिले," लता म्हणायची. "वजन तरी बघितलं का त्याचं?"

प्रत्येक खोट्या पेढीसाठी मशीनमध्ये एक वेगळा छोटा सर्व्हर उठायचा आणि चाचणी संपली की चाचणीच त्याला झोपवायची. अडचण यायची ती चाचणी मधेच तुटली तर. लग्नघरचा यजमानच मांडवातून उठून गेला तर दिवे कोण मालवणार? चाचणी गेली, पण तिने उठवलेले सर्व्हर मागे जागेच राहात. त्यांना परसराम 'मागं ऱ्हायलेली लेकरं' म्हणायचा. हा शब्द माझ्यामुळेच आला. त्याच्या पुस्तकात एक धडा होता. मशीनमधलं प्रत्येक चालू काम कुणाचं तरी मूल असतं, आणि आईबाप गेले की ते अनाथ होतं, असं तिथे सरळ इंग्रजीत लिहिलेलं. मी ते वाचून मराठीत सांगितलं. पुढे अनाथांना मारण्याची आज्ञा होती. तिथे त्याने मला थांबवलं.

"मारायचं असंच लिवलंय?"

"असंच लिहिलंय. 'किल'."

"कसल्या लोकांनी लिवलं हो बाई हे?" त्याचा चेहरा खरंच उतरला होता. मी पुढचं वाचलं: ही आज्ञा म्हणजे खरं तर एक निरोप असतो, आवरून घे आणि नीघ, एवढाच, न ऐकल्यास मग दुसरा कडक निरोप. त्याला हायसं वाटलं. तेव्हापासून तो कधी मारलं म्हणाला नाही. "तिघांना निरोप दिला," म्हणायचा. कडक निरोप त्याने माझ्यासमोर तरी कधी दिला नाही. साधा द्यायचा आणि वाट बघत बसायचा.

आता बापाची गोष्ट. मशीनमध्ये चालू कामांची यादी काढली की प्रत्येकापुढे दोन आकडे दिसतात, एक त्याचा स्वतःचा आणि एक त्याच्या बापाचा. ज्याचा बाप गेला त्याला मशीनमधलं सगळ्यात पहिलं काम, एक नंबरचं, दत्तक घेतं. म्हणून मागे राहिलेल्यांच्या बापाच्या रकान्यात 'एक' दिसतो. पहिल्या वर्षी परसरामने एवढंच ध्यानात ठेवलं आणि एके दिवशी बाप 'एक' असलेल्या सगळ्यांना निरोप देऊन टाकला. त्यांच्यात खऱ्या पेढीचा सर्व्हरही होता. कारण तो मशीनबरोबर उठून स्वतःच्या पायावर उभा असतो, त्याचाही बाप एकच. बेवारस आणि घरधनी, दोघांच्या रकान्यात सारखाच आकडा.

खिडकीवर तेव्हा कुणी नव्हतं आणि अर्ध्या तासात सगळं परत उभं राहिलं. काहीसुद्धा गेलं नाही. तरी परसराम त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी मी डबा पुढे केला तर म्हणाला, "बाई, म्या घरच्या माणसालाच दाराबाहेर काढलं. लाइनीत उभा होता, तोंड न बघता काढलं."

दुसऱ्या दिवशी तो सेक्रेटरीसाहेबांकडे गेला, चाचण्यांसाठी वेगळी मशीन द्या म्हणायला. मी दाराशी होते. साहेब म्हणाले, "एक चालतीय ना? मग?" परसराम म्हणाला, "व्हय साहेब," आणि बाहेर आला. त्याच्या पाठीवर शर्ट चिकटला होता.

तर, तो दिवस.

श्रावण होता, आणि तांड्यावर तीज. त्यांच्यात कुमारी मुली टोपलीत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि शेवटी ते कोवळे अंकूर काढून वाटतात. परसरामच्या मुलीची ती पहिलीच तीज. त्याने एक दिवसाची रजा काढली होती, तरी सकाळी पेढीत आला, कारण हिरवी चिठ्ठी वाकडी छापून येत होती आणि वाकड्या चिठ्ठीवर नंबर चुकीचा वाचला जाईल या विचाराने त्याला तांड्यावर चैन पडली नसती. त्याने दुरुस्ती केली, सर्व्हर बंद करून पुन्हा उठवला, चाचण्या लावल्या. बाहेर जीपवाला हॉर्न देत होता.

"बाई, एवढं बघाल? शेवटी 'बराबर' असं उमटंल. उमटलं की पडदा बंद करा. बास."

"जा तुम्ही," मी म्हटलं. "मुलगी वाट बघत असेल."

तो गेला. दाराशी जाऊन परत आला, पडद्याकडे पाहिलं, आणि पुन्हा गेला.

त्या वर्षी भारनियमनाने कहर केला होता. खिडकीचा कॉम्प्युटर, फ्रिज आणि सर्व्हर बॅटरीवर होते. परसरामचं टेबल नव्हतं. चाचण्या काही तातडीच्या नसतात असं साहेबांचं म्हणणं. अकरा वाजता वीज गेली. परसरामचा पडदा काळा झाला. 'बराबर' उमटलं नव्हतं.

मी काय केलं? पडद्यावर धूळ बसू नये म्हणून कापडी झाकण घातलं, कोपरे नीट केले आणि माझ्या कामाला लागले. पडदा विझला म्हणजे चाचण्याही विझल्या, असं मला वाटलं. त्यांनी उठवलेले सर्व्हर मागच्या खोलीतल्या मशीनमध्ये बॅटरीवर चालूच होते. इतकी वर्षं त्याचे अनाथ मीच त्याला मराठीत वाचून दाखवले होते, आणि ऐन वेळी मला एवढं सुचलं नाही.

साडेअकराच्या सुमारास एक माणूस धावत खिडकीशी आला. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. त्याच्या बहिणीचं बाळंतपण झालं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. बी निगेटिव्ह. फ्रिजमध्ये त्या गटाच्या दोनच पिशव्या होत्या, सदतीस आणि एकेचाळीस. दोन्ही आदल्या दिवशीच्या. सकाळीच लताने चौदा पिशव्यांचे निकाल भरले होते, कागद रिवाजाप्रमाणे जाळला होता, हिरव्या चिठ्ठ्या छापायच्या राहिल्या होत्या, परसरामच्या दुरुस्तीसाठी. चौदांपैकी एकीत दोष निघाला होता, आणि ती या दोनपैकी एक होती, एवढं लताला पक्कं आठवत होतं.

लताने कॉम्प्युटरला दोन्ही नंबर विचारले. पडद्यावर घड्याळाचं चित्र आलं आणि तिथेच राहिलं. मागच्या खोलीतून जात्यावर दळण चालल्यासारखा आवाज येत होता.

"मॅडम, ही मशीन बोलत न्हाई."

"लता, तुला आठवतं का? कोणती?"

तिने दोन्ही पिशव्या काचेतून पाहिल्या. "एकेचाळीसमंदी दोष. सदतीस चांगली." मग तिचा आवाज खाली आला. "मला वाटतंय तसं."

खिडकीपलीकडून तो माणूस म्हणाला, "ताई, द्या ना लवकर. दिसून राहिली ना तिथं पिशवी. काहून उभ्या हाय तुमी?"

ती पिशवी त्याला खरंच दिसत होती. आम्हालाही दिसत होती. पुन्हा तपासायचं तर तीन तास. डॉक्टरांचा फोन आला, अर्ध्या तासात रक्त पाहिजे म्हणाले. नांदेडहून मागवायची तर त्याहून उशीर. लताने फ्रिजच्या दाराला हात लावला आणि काढून घेतला. पुन्हा लावला, दार उघडलं आणि परत लोटलं. "मॅडम, मशीन बंद करून चालू करू?" मी नको म्हणाले. मागच्या वेळी तसं केलं तेव्हा मशीन दीड तास स्वतःचीच तपासणी करत बसली होती. नको तर म्हटलं, पण मग काय करायचं ते मला माहीत नव्हतं. 

तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, लाइट गेली होती का?"

परसराम. तांड्याजवळच्या गावातल्या दुकानाच्या फोनवरून. मागे मुलींची गाणी ऐकू येत होती. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तीजेची मिरवणूक सोडून तो आपणच भिऊन फोनवर आला होता.

मी सगळं सांगितलं. पडद्याला झाकण घातल्याचंही सांगितलं. त्याने मला बोल लावला नाही. म्हणाला, "लेकरं मागं ऱ्हायलीत. त्यातलं एखादं अर्धं काम घेऊन अजून पळून राहिलं असंल, त्यानं मशीन धापा टाकती. खिडकीच्या कॉम्प्युटरवर बसा. पडद्यावरची लताताईची चौकट तशीच ऱ्हाऊ द्या, बाजूला काळी चौकट उघडा. यादी काढा." कोणती अक्षरं टाइप करायची ते त्याने सांगितलं. यादी उमटायला मिनिटभर लागलं. "आता ज्याचा बाप एक नंबर हाय, त्याला..."

खर्र आवाज आला आणि लाइन तुटली.

मी रिसीव्हर धरून उभी. लता म्हणाली, "काय म्हणले?"

"ज्याचा बाप एक नंबर, त्याला. एवढंच."

"मग सोपं हाय की," लता म्हणाली. "एक नंबर म्हणजे असली. दोन नंबरचा माल म्हणजे नकली. एक नंबरवाल्याला हात लावू नका म्हणत असतेत. बाकीच्यांना काढून टाका."

त्या घटकेला मला ते पटलं. आपल्याकडे एक नंबर म्हणजे दुसरं काय असतं? बाप 'एक' नसलेल्या ओळींपैकी पहिली मी निवडली, २८१६. किल लिहिलं, पुढे आकडा लिहिला. खिडकीतल्या माणसाने जाळीवर हात आपटला, "अहो बाई, मरंल ना ती!" माझं बोट उठलं. आणि मला परसरामचं घरच्या माणसाला बाहेर काढणं आठवलं, तोंड न बघता. मी बोट मुठीत धरून बसले. लता माझ्याकडे बघत होती, मी फोनकडे.

फोन वाजला.

"बाई? काही दाबलं?"

"लिहिलंय. दाबलं नाही."

पलीकडून त्याचा श्वास ऐकू आला. "पुसा. एकेक अक्षर पुसा. पुसलं?"

"पुसलं."

"आता बाप एक नंबर असलेले सर्व्हर मोजा."

"चार."

"चार म्हणजे तीन मागं ऱ्हायलेले अन् एक आपला. ओळीच्या शेवटी पत्ता असतो, कुठल्या घरचा तेचा. वाचा."

पण ओळ पडद्याच्या कडेला येऊन कापली गेली होती. चौघांचंही घर कडेपलीकडे. पूर्ण ओळ दाखवायचीही काही खूण असते हे त्याला नंतर आठवलं, तेव्हा आठवलं नाही. "मग वेळ वाचा. आपला सोमवारपासून उठलेला..." तो बोलता बोलता थांबला. सकाळी त्यानेच सर्व्हर बंद करून उठवला होता. चौघांपुढेही आजचीच सकाळ, सगळे अर्ध्या तासाच्या आत उठलेले. कोणता आधीचा ते पाहावं तर सगळ्यात आधीच्या दोघांची मिनिटंही सारखीच.

"बाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता, "मला लई भ्या वाटून राहिलंय."

"मलाही," मी म्हणाले.

गाणी ऐकू येत होती. कुणीतरी त्याला हाक मारली, तो आपल्या बोलीत काहीतरी ओरडला.  

"बाई, वासरू सोडू."

"काय?"

"माझा आजा म्हणायचा. मुक्कामाला दोन तांड्यांची गुरं मिसळली, गाय कोणाची म्हणून भांडण लागलं, तर गाईला काय विचारता, ती मुकी. आपलं वासरू सोडा. ज्या गाईला जाऊन लागंल, ती त्याची माय." त्याला धाप लागली होती. "लताताईनं नंबर विचारलाय न्हवं? तो प्रश्न घेऊन एक लेकरू आत गेलंय, जवाबाची वाट बघत उभं हाय. ते आपल्याच बापाकडं गेलेलं असणार, खोट्याकडं न्हाई. यादीत 'खिडकी' नावाची ओळ बघा."

मी बोट ठेवून शोधली. सापडली. तिचा स्वतःचा आकडा होता २८१६.

"मघाशी मी हाच लिहिला होता," मी म्हटलं.

त्याने ते ऐकलं नाही, किंवा ऐकायचं टाळलं. "त्याचा बाप वाचा."

"नऊशे अकरा."

"पुन्हा वाचा."

"नऊ, एक, एक."

"लताताईंना वाचू द्या. तुमी बघू नका."

लताने वाकून वाचलं. "नऊशे अकरा, परसूभाऊ."

"नऊशे अकरा घरधनी. कागदावर लिवा अन् त्याच्याभोवती गोल काढा. आता ऱ्हायलेल्या तिघांना निरोप. एकेकाला. कडक न्हाई, साधा."

एकेक आकडा मी म्हणायचे, तो परत म्हणायचा, लता गोल काढलेल्या आकड्याशी ताडून मान हलवायची, मग मी दाबायचे. पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा जाईना, तोच अर्धं काम घेऊन पळत होता.

खिडकीतला माणूस आता ओरडत नव्हता. जाळीला कपाळ टेकून उभा होता. ते जास्त वाईट होतं.

"कडक निरोप देऊ का?" मी विचारलं.

"थांबा बाई. साधाच पुन्हा द्या. जाईल ते. भ्यालेलं असंल."

मी पुन्हा दिला. काही क्षण गेले. मागच्या खोलीतलं दळण थांबलं. एकदम इतकी शांतता झाली की सर्व्हरच गेला असं वाटून मी डोळे मिटले. लताच्या तोंडून बारीक आवाज निघाला, तेव्हा उघडले.

पडद्यावर दोन ओळी होत्या. सदतीस: दोष. एकेचाळीस: चांगली.

हिरवी चिठ्ठी सरळ छापून आली. लताने ती एकेचाळीसवर लावली, नंबर दोनदा मोठ्याने वाचला आणि पिशवी खिडकीतून दिली. तो माणूस पळत गेला. मग लता फ्रिजला पाठ लावून खाली जमिनीवर बसली. तिचे हात मांडीवर उपडे पडले होते. "मला वाटतंय म्हणले होते मी," ती म्हणाली. "मॅडम, मी दार उघडलं होतं." त्यानंतर कितीतरी दिवस तिने परसरामची थट्टा केली नाही.

फोनवर तो अजून होता. "बराबर झालं?"

"झालं. लताला आठवत होतं ते उलटं होतं, परसराम. सदतीसमधे दोष होता."

 त्याने फोन ठेवला नाही. रिसीव्हर नुसता खाली सोडला असावा, कारण दुकानातली माणसं आणि पलीकडची गाणी मला बराच वेळ ऐकू येत राहिली.

ती बाई वाचली. दोन दिवसांनी भाऊ पेढे घेऊन आला आणि परसरामच्या पाया पडायला वाकला. परसराम असा मागे उडाला की स्टूल पडलं. "नका हो, नका," म्हणत होता. पेढा त्याने घेतला, पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. भाऊ गेल्यावर तो उठला आणि थेट सेक्रेटरीसाहेबांच्या खोलीत शिरला. मी मागोमाग गेले, कारण मला वाटलं त्याला चक्कर येणार.

"साहेब, वेगळी मशीन पाहिजे."

"परसराम, तुला सांगितलं ना..."

"न्हाई भेटली तर म्या चाचणी घेणार न्हाई. अन् चाचणी घेतल्याबिगर प्रोग्रामला हात लावणार न्हाई. चिठ्ठी वाकडी आली तर वाकडी येऊ द्या. दुसरा माणूस बघा तुमी."  हातातला पेढा चुरून त्याच्या बोटांमधून खाली पडत होता. "त्या दिवशी ताईनं दार उघडलं होतं, साहेब. तुमी बघितलं न्हाई."

 महिन्याभराने एक जुनी मशीन आली, कुठल्याशा कचेरीतून काढून टाकलेली. ती त्याने अंगणाच्या अलीकडच्या टोकाला, सर्व्हरपासून जितकी लांब ठेवता येईल तितकी लांब ठेवली. दोघींमधे तारसुद्धा जोडू दिली नाही. दुरुस्ती आधी तिथे करायचा, तिथेच चाचण्या लावायचा, आणि सगळं बराबर झालं की सीडीवर घालून स्वतःच्या हाताने अंगण ओलांडून न्यायचा. आता चाचणी अर्ध्यात तुटली काय, लेकरं मागे राहिली काय, खऱ्या पेढीला त्यांचा वारासुद्धा लागणार नव्हता.

पुढच्या वर्षी मी हिंगोली सोडली. निघायच्या दिवशी दुपारी त्याला भेटायला गेले. तो जुन्या मशीनसमोर बसला होता, पाठ माझ्याकडे. चाचण्या चालल्या होत्या. मी हाक मारणार, एवढ्यात वीज गेली. पडदा विझला.

परसराम उभा राहिला आणि धावला. माझ्या अगदी अंगावरून गेला, पण त्याने मला पाहिलं असं वाटत नाही. त्याचा चेहरा पांढराफटक होता. आता मशीन वेगळी होती. मागे राहिलेलं जे काही असेल ते याच पेटीत होतं आणि ही पेटी तर बंदच पडली होती. पळण्याचं काही कारण नव्हतं, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो उन्हातून अंगणापलीकडे पळत गेला. थोड्या वेळाने त्या खोलीतून त्याचा आवाज येऊ लागला, यादीतले आकडे मोठ्याने वाचणारा, आधी लेकराचा, मग बापाचा. शेवटपर्यंत गेला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

मी आत गेले नाही. पळताना त्याची एक चप्पल उंबऱ्यात उपडी पडली होती. ती उचलून सरळ करून ठेवली आणि निघाले.